गाणाऱ्या बाईचं नाव

मी, आनंदराज केरबा सोनकांबळे, वय ५७, मुक्काम अहमदपूर, जिल्हा लातूर. परवा नांदेडला हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला का होईना, घरात कुणी यावं की!

१. राहत्या दोन खोल्या भाची रूपाली हिला. ती वर्षातून एकदा, भीमजयंतीला येते. बाकी दिवस लई एकटं वाटतं.

२. अमेरिकेत डेट्रॉइटला शिकायला गेलो आणि तिथल्या डॅरेल नावाच्या दोस्ताबरोबर 'डॉक सेव्हन' हा रॅप ग्रुप काढला. तो बोलायचा, मी ठेका बांधायचो; जुन्या टेपमधला तुकडा कापायचा अन् तोच फिरवत ठेवायचा. पहिला अल्बम कुणी ऐकला नाही, दुसरा तिकडं गावोगाव वाजला, तिसऱ्याच्या वेळी भांडण झालं. रेकॉर्डी, प्लेअर, मिक्सर रूपालीला. भंगारात घालशील तर बघ!

३. दुसऱ्या अल्बमात जात्यावरची ओवी फिरते. ती माझ्या आईची, नागुबाईची. भीमाची ओवी, आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालायची आईची रीत. मी ती ओळच कापली. कव्हरवर छापलं, 'अनोळखी बाई'.

आईला ऐकवलं तर म्हणाली, "आरं, माझी ओवी मधीच का अडकून राहिली? पुरी होऊ दी की." मी म्हणालो, "मशिनच तसं हाय, माय."

बहिणीला, रूपालीच्या आईला, सांगितलं, नाव डॅरेलनं गाळलं. तेच खरं दिसावं म्हणून ग्रुप मोडला, वीस वर्षं त्याचा फोन उचलला नाही. ते खोटं होतं. डॅरेलनं स्टुडिओत विचारलं होतं, "आवाज कुणाचा?" शेजारी आपल्याकडचीच दोन वरच्या जातीची पोरं बसलेली. माझी जात कळेल म्हणून घाबरलो. म्हणालो, "माहीत नाही. टेप बाजारात मिळाली." आईची लाज वाटली मला, दुसरं काही नाही.

४. आईच्या ओवीची मूळ टेप डॅरेलला. रूपाली, वरचं तिसरं कलम त्याला फोनवर वाचून दाखव. पुन्हा रेकॉर्ड काढतील तेव्हा ओवी पुरी वाजावी आणि 'नागुबाई केरबा सोनकांबळे, आनंदराजची आई' असं छापावं.

हे मी आत्ताही सांगू शकतो. नंबर पाठ आहे. दोनदा लावला आणि त्यानं "हॅलो" म्हणताच ठेवून दिला.

साक्षीदार:
१. संगमेश्वर मलप्पा धानुरे, खालचे किराणा दुकानदार. माझ्या रेकॉर्डींच्या धडधडीनं यांचं डोकं उठलं. तरी सही करायला जिना चढून आले.
२. विशाखा गायकवाड. लाइटचं मीटर बघायला आल्या होत्या. दुसरं कुणी मिळेना, म्हणून यांना थांबवलं.

अहमदपूर, १२ नोव्हेंबर २०२५
सही: आनंदराज केरबा सोनकांबळे