शबकी घरात हवरामची सून

बाजवाया,
३ ऑगस्ट २०१९

चि. जासिम यास गुलिजारताईचे अ. उ. आ.

नजफमध्ये तू आणि मुलं खुशाल असाल. हे गेल्यापासून घरात आपली शबकी बोली बोलायला मी आणि माझा कासिम दोघंच. आता त्याला हलबज्याकडची, हवरामी घरातली शिलेर बायको करायची आहे. तो तिच्याशी कामावर शिकलेली कुर्दी बोलतो. कुर्दी मला येत नाही, तिला अरबी येत नाही. म्हणजे माझ्याच घरात मी मुकी, आणि नातवंडांना परकी.

पुस्तकात वाचलंय, की शबकी आणि हवरामी सख्ख्या बहिणी, गोरानी भाषांच्या घरच्या. इराणी कुळातली फारसी लांबची चुलती. पण पुस्तकवाल्यांना सून आणायची नसते. वर्षाच्या दलियासाठी गहू शिजवायच्या दिवशी ती आईबरोबर येणार आहे. हो म्हणू की नको?

तुझी ताई


नजफ,
१४ ऑगस्ट २०१९

ती. ताईस जासिमचा शि. सा. न.

अरब आपल्याला शबकांना अरब म्हणतात, कुर्द कुर्द म्हणतात, आणि तू एका मुलीला न ऐकताच परकी ठरवतेस. माझ्या मुलांची आई आपल्याच गावची, तरी शबकीत हाक मारली की पोरं हसतात. आधी तिला बोलू दे. तोवर जीभ आवर. ती विळ्याहून धारदार, असं दाजीच म्हणायचे.

लोभ आहेच, तो पत्र धाडून वाढवावा.

जासिम


बाजवाया,
२० ऑगस्ट २०१९

चि. जासिम यास अ. उ. आ.

तुझं ऐकलं नाही. अंगणात गहू उकळत होता, शिलेर ढवळत होती. मी शेजारच्या सकीनाला आपल्या बोलीत म्हटलं, की पोर दिसायला बरी, पण पळा असा धरते जणू सापाची शेपटी. पोरगी मान वर न करता तिच्या हवरामीत म्हणाली, की मावशी, आमच्याकडे एक ढवळते आणि दोघी नावं ठेवतात, तुमच्याकडेही तसंच दिसतंय. सकीना हसता हसता खालीच बसली. बोलण्याची चाल वेगळी, काही शब्द वेगळे, पण कळलं सगळं.

मग तिच्या आईसकट संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. अडलं तिथं हातवारे. तिनं यांच्याबद्दल विचारलं. ते गुरांशी कसे भांडायचे, शेवटी आवाज कसा खोल गेला, सगळं सांगितलं. अरबीत मला हे कुणाला सांगताच आलं नव्हतं. रडले, पण छाती हलकी झाली.

कासिमला होकार दिला. मुहर्रमचा दुखवटा लागायच्या आत मागणी घालायला जायचं. मामा म्हणून तू बोलायचंस, शबकीतच; तिथे कळतं. मुलांना घेऊन ये, ऐकू देत.

लोभ असू दे, आणि तो घेऊन लवकर निघ.

तुझी ताई