डावा काठ वर

तोआ पायोह, सिंगापूर
९ जून २०२५

चि. गार्गीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुला एक आजी आहे, सातव्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात तिचे. आठवतंय का काही? नसेल तर सरिताआत्याला विचार, तिच्या आईचं नाव काय म्हणून. पुण्याला कामासाठी जाऊन तुला अकरा दिवस झाले. फोन केला की मीटिंग आहे म्हणतेस आणि कापतेस. म्हणून हे पत्र. सांगतेय मी, आणि लिहितेय आपल्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी दीक्षा. पत्र कापता येत नाही, शेवटपर्यंत वाचावं लागतं.

मी संतापले आहे. दीक्षाने ‘थोडी नाराज आहे’ असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं.

समोरच्या दारातली लिमबाई. तुझे आईबाप ऑफिसात अडकायचे तेव्हा सहा वर्षांच्या तुला शाळेतून आणून भात भरवायची ती. छातीचं दुखणं काढून इस्पितळातून परत आली, लेकीने हौसेने ऐंशीवा वाढदिवस मांडला. आणि तू फोनवरून मागवलेलं ते हान्फू, चिनी लोकांचा जुना पोशाख, चढवून तिच्या पुढ्यात उभी. तिला आनंद व्हावा म्हणूनच घेतलंस, ठाऊक आहे. म्हणून तर जास्त आग होते माझी.

सकाळी आरशासमोर मी तुला काय सांगितलं होतं? गळ्याशी दोन काठ एकमेकांवर येतात, त्यातला डाव्या खांद्यावरचा वर हवा, आपल्या पदरासारखा. लिमबाईच्या भिंतीवर तिच्या आईचा फोटो आहे, तो मी इथे राहायला आल्यापासून तीन वर्षं बघतेय. तू म्हणालीस, आजी, तुला वाचता येत नाही, मी व्हिडिओ बघितलाय. बरं बाई. मला अक्षर कळत नाही, पण काठ कळतो. उजवा काठ वर घेऊन, बारा पिना टोचून, गेलीस मिरवत. त्यांच्यात तसं फक्त मेलेल्याला घालतात, हे तिच्या लेकीने तुला दारातच कानात सांगितलं. लिमबाईने हातातला शेवयांचा वाडगा खाली ठेवला तो ठेवलाच.

चूक झाली याचा राग नाही. पहिल्यांदा नेसणारीचं चुकतंच. मी लग्नात नऊवारीत पाय अडकून पाटावर बसायच्या ऐवजी भटजींवर बसले होते. पण दुसऱ्या दिवशी विमानाला निघताना त्या दारावरून मुकाट्याने, चपला हातात घेऊन गेलीस, त्याचा राग आहे. (इथे आजींनी एक शब्द वापरला, तो मी गाळला आहे. – दीक्षा) त्या दिवसापासून ते दार बंद आहे. सकाळी खाली बाकावर मी एकटीच लसूण सोलते.

उत्तर मराठीत लिही. लोभ आहेच, वाढवायचा की आटवायचा ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी आजी

*

पुणे
१९ जून २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहिलं. आत्याने शुद्धलेखन तपासलंय, पण शब्द माझेच आहेत.

चूक कशी झाली ते आत्ता कळलं. व्हिडिओतल्या मुलीने सेल्फी कॅमेऱ्याने शूट केलं होतं, त्यामुळे डावं-उजवं आरशासारखं उलट दिसत होतं. तिचा उजवा काठ वर आहे असं वाटलं, म्हणून मीही माझा उजवाच वर घेतला. नंतर दुकानाच्या पानावरचा फोटो नीट बघितला, तिथे डावाच काठ वर आहे. तू बरोबर होतीस. वाचता येत नाही असं म्हणाले, त्याची मला जास्त लाज वाटतेय.

तुझ्या लिमबाईसाठी, माझ्या आह मासाठी, मी तीन आठवडे दुकानं शोधत होते. कापड चकचकीत निघालं, स्कर्ट काखेखाली छातीवर बांधायचा तर सारखा घसरत होता, म्हणून पिना. तिने मला बघून ‘आलीस का ग’ म्हणावं एवढंच हवं होतं. तिने बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आजी, मला वाटलं मीच तिला काहीतरी करून टाकलं. सकाळी दार वाजवायला हात वर केला होता, खरंच, पण तिला पुन्हा तसं झालं तर?

तू जाऊन माझ्या वतीने सॉरी म्हण ना. प्लीज लाह. (सिंगापूरचं ‘लाह’ आत्याला खोडू दिलं नाही.)

माया असू दे, कमी झाली असली तरी.

तुझी गार्गी

*

तोआ पायोह, सिंगापूर
२८ जून २०२५

चि. गार्गीस आशीर्वाद. वि. वि.

मी काय पोस्टमन आहे? तुझं सॉरी मी का पोचवू? मला तर ते नीट म्हणताही येत नाही. पत्र ऐकून दीक्षाचे डोळे भरले, माझे नाही. मी अजून रागावलेलीच आहे.

तरी गेले. तुझ्या कपाटात त्याच दुकानाचा दुसरा हिरवा सदरा पडलाय, एकावर एक फुकट मिळालेला. तो मी नऊवारीवर चढवला. डावा काठ वर. दीक्षा हसून हसून पलंगावर पडली. तशीच जाऊन समोरची कडी वाजवली.

लिमबाईने फट उघडली. वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दार उघडून बाहेर आली, माझी गाठ सोडली आणि ओढून नीट बांधली, तू लहान असताना तुझ्या वेण्या बांधायची म्हणतात तशी. काहीतरी पुटपुटली. शिवी असावी, पण प्रेमळ. चहा झाला. नंतर फ्रिजवरच्या तुझ्या शाळेतल्या फोटोकडे बोट दाखवून माझ्याकडे बघितलं. कुठे आहे, असं. मी हाताचं विमान करून वर उडवून दाखवलं. तिने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

म्हणजे बाई तुझ्यामुळे मरत नाहीये. तुझ्यावाचून कुढतेय. कळलं, अकलेच्या कांद्या? दार मी उघडून घेतलं. आत जायचं काम तुझं. परत आलीस की आधी तिच्याकडे, मग घरी. तेच हान्फू घालून, आणि गाठ तिच्याच हातची.

रुसवा आहे तिथे लोभ आहेच, असं समज.

तुझी आजी

ता. क. त्या दिवशी तिने वाडग्यात तशाच टाकलेल्या लांब शेवया दीर्घायुष्यासाठी असतात म्हणे, तोडायच्या नसतात. तू येईपर्यंत थांबायला नको. आत्याचे शेजारी निशिकांत जुलैच्या वीस तारखेला इकडे येतायत. आत्याकडून हातशेवया वळायला शीक आणि स्वतः वळून लिमबाईसाठी त्यांच्याबरोबर पाठव. पावसात वाळत नाहीत ही सबब नको, पंख्याखाली काठीवर टाक. हातभर लांब हव्यात. पसरट डब्यात, मध्ये कागद घालून. तुटकी एकही नको.