करंगळीची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार. चाळीसगाव

पोचलो एकदाचा! जळगावच्या कारखान्यात नऊ वर्षं लेथवर एकाच मापाचे बोल्ट कातून हात विटले होते. आजपासून हा योगेंद्र सुरे घडवणार. तोताराम नाना जुन्या कट्यारी, बिचवे, शिकारीचे सुरे समोर ठेवून त्यांच्या नकला करतात, आणि हौशी लोक कुठून कुठून त्यांचं दार शोधत येतात. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, म्हणून इथल्या कारखान्याच्या किल्लीला त्यांनी लाल लोकरीचा मोठा गोंडा बांधलाय. नानांच्या पत्नी सुंदरबाई अक्कांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. लाजत लाजत तीन भाकरी खाल्ल्या.

बायको दिपमाला आणि मोहिनी महिनाअखेरीस येतील, तोवर खोली बघायची आहे. चार वर्षांची मोहिनी माझा हात कधीच धरत नाही, उजव्या हाताची करंगळी तेवढी धरून चालते. आज स्टेशनावर ती सोडता सोडेना. मलाही रडू आलं, पण बापाने रडायचं नसतं म्हणे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलंच काम भारी मिळालं. गौताळ्याच्या रानात फिरणाऱ्या धनसिंग नावाच्या शिकाऱ्याचा, शंभरेक वर्षांचा सुरा. मूठ सांबरशिंगाची. तीन बोटं आणि अंगठा यांच्या जागी झिजून खळगे पडलेत, पण करंगळीची जागा खडबडीत, कोरी. धनसिंगला करंगळी नव्हती.

नानांनी दोन नियम सांगितले. जुनी मूठ फडक्याशिवाय धरायची नाही, आणि नव्या सुऱ्याला मूठ स्वतःच्या हाताच्या मापानेच करायची. म्हणाले, "मूठ तुना हातनी कर, भाऊ. त्याना हात त्यालेच ऱ्हाऊ दे." मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याची लहर. गिऱ्हाइकाला तर हुबेहूब हवाय.

१० नोव्हेंबर, सोमवार

नाना आणि अक्का डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे धुळ्याला गेले. मी एकटा.

फडकं काढलं. धरल्याशिवाय झीज कळणार कशी? सकाळपासून जेवणापर्यंत तो सुरा हातात घेऊन बसलो, मग तयार पात्याच्या मुठीसाठी म्हशीच्या शिंगावर कानस चालवली. संध्याकाळी डोळे मिटून दोन्ही सुरे आळीपाळीने धरले तर जुना कुठला, नवा कुठला, मलाच कळेना. स्वतःवर इतका खूश मी कधी झालो नव्हतो.

फक्त नव्या मुठीवर करंगळी मधे मधे येते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

करंगळी बधिर आहे. वाकत नाही, बाकीच्या बोटांपासून फटकून उभी राहते. चहाचा कप पडला.

व्हिडिओ कॉलवर मोहिनीने करंगळी दाखवा म्हटलं. उजवी दाखवायची भीती वाटली, म्हणून डावी दाखवली. ती म्हणाली, ही नाही. दिपमाला हसली. मला हसता आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार

डाव्या हाताने लिहितोय.

जेवून कामाला बसलो एवढं आठवतं. मग पाहिलं तर बाकावर माझी करंगळी. साफ कापलेली. रक्त थोडंच. नवा सुरा उजव्या मुठीत, आणि मूठ अशी बसलीय की — तीन बोटं, अंगठा, कुठे सुईएवढी फट नाही.

हात उघडत नाही. तेल ओतलं. पक्कड लावली. नाहीच.

नानांना फोन केला, सगळं कबूल केलं. ते म्हणाले, धनसिंगनेही आधी स्वतःची करंगळी तोडली होती. मग बायको. मग दोन्ही पोरं. आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "तुना घरना कोनी तठे शेतस का?"

घरचं इथे कोणी नाही म्हटलं.

दिपमालाला फोन करून सांगितलं, येऊ नकोस, कधीच येऊ नकोस. का ते सांगता आलं नाही. रडत होतो बहुतेक.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

दवाखान्यात निघालो होतो. हातावर टॉवेल गुंडाळला. भिकनभाऊंची रिक्षा. ते पाठमोरे, गाणं गुणगुणत होते. त्यांची मान समोर आली आणि हात उठला. मी नाही उचलला. मी नाही —

चालत्या रिक्षातून उडी मारली. पळत कारखान्यात परत.

दाराला आतून-बाहेरून चालणारं कुलूप आहे. आतून लावलं, किल्ली खिडकीच्या गजांतून लांब फेकली. आता मला बाहेर पडता येणार नाही. नाना आज डोळ्याची पट्टी सुटली की धुळ्याहून निघणार, दुपारपर्यंत पोचतील. तोवर फक्त बसून राहायचं.

अकरा

दाराशी दिपमाला.

माझा कालचा आवाज ऐकून रात्रभर झोपली नाही म्हणते. सकाळच्या गाडीने आली. मोहिनीला घेऊन. हे देवा, मोहिनीला घेऊन.

ओरडलो, जा, स्टेशनवर जा, नाना येताहेत, तोवर दार उघडू नको. ती म्हणते तुम्हाला काय झालंय, तुम्हाला असं टाकून कशी जाऊ. दार बडवतेय.

उजवा हात दाराकडे ओढतोय. पाय बाकाला बांधले.

दाराखालच्या फटीतून मोहिनीची बोटं आत आली. करंगळी मागतेय.

बेटा, नाही गं ती. नाही राहिली —

बोटं गेली. बरं झालं. लांब जा. खेळ तिकडे.

ती आईला ओरडून सांगतेय, गवतात लाल गोंडा सापडला —

दिपा नको — किल्ली नको लावूस — मी बरा आहे, मी —

दोरी तुटली. कुलूप फिर