खारा झिरा

कन्हान, जि. नागपूर
१२ ऑक्टोबर १९७४

प्रिय कुसुमताईले पुष्पाचा नमस्कार. भाऊजींले बी सांगजो. बाळाचा एक गालगुच्चा. इकडं सारं बरं हाय. शाळा सुटल्यापासून लिवाची सवय गेली, अक्षर समजून घेजो.

तुहं पत्र येऊन लय दिस झाले. रोज म्हणतो आज उत्तर लिवतो, अन् रोज तुह्या गावचा समुद्रच आठवते.

उन्हाळ्यात बाबा अन् मी बाळाले पाहाले आलो होतो ना, तो दिवस मले जसाच्या तसा दिसते. केवड्याच्या बनातून तू पुढं, बाळ कडेवर. मंग ते रेतीचे डोंगर. पाय टाकला का आत, टाकला का आत. वरतून पायलं तं नुसतं पाणी. ना दुकान, ना घर, ना माणूस. एवढं मोकळं मी कधी पायलंच नव्हतं. तुहा पदर धरून उभी राहिली. तू म्हटलं, "ओरड ना वं, इथं कोनी आयकत नाही." मी तरी नाही ओरडली.

बाबा आपल्या नदीच्या रेतीतल्या वाडीतलं टरबूज कन्हानपासून मांडीवर घेऊन आले होते. पण तुह्याशी बोलत नव्हते. मलेच म्हणत, "तुह्या बहिनीले सांग, इळा दे." तू त्यायले न पुसता लगन केलं, तो राग. तू बी तशीच. इळा माह्या हातात दिला, मी त्यायच्या हातात.

खाऊन झाल्यावर हात धुवाले बाबानं रेतीत झिरा उकरला, आपण नदीत उकरतो तसाच. पाणी लागलं. ओंजळभर तोंडात घेतलं अन् थू थू केलं. तू हसून हसून लोळली. "बाबा, हे कन्हान नोहे." मंग ते बी हसले. म्हणाले, "एवढी रेती, अन् एक वेल लावाच्या कामाची नाही, कुसुम."

ताई, तुहं नाव घेतलं त्यायनं. लग्नानंतर पैल्यांदा.

येताना गाडीत मी वाट पायली, आता आणखी काही बोलतीन. नाही बोलले.

तू लिवलं, दिवाळीले येऊ का, बाबाले विचार. मी वाचून दाखवलं. ते उठून नदीकडं चालले गेले. दुसऱ्या दिवशी आणखी वाचलं, तं म्हणे, "बैलाले पाणी दाखव." हो बी नाही म्हटलं, नाही बी नाही. म्हणून तुले काय लिवू ते समजत नव्हतं.

न्याले मुराळी आल्याबिगर लेक माहेरी येत नाही. तू बी येणार नाही, मले माहीत हाय. भाऊ आपल्याले नाही. बाबा काही निघत नाहीत. मंग काल जेवताना मीच म्हटलं, "बाबा, ताईले आणाले मी जातो."

"पोरगी मुराळी? लोकं हसतीन."

"हसू द्या."

"दुकानात साबण मांगाले लाजते तू. मुंबईले उतरून यष्टी धरा लागते. कोनाले इचारशीन?"

"इचारीन कोनाले बी."

ते खाली पाहून जेवत राहिले. हात धुता धुता म्हणाले, "पोलिसाले इचारजो. दुसऱ्या कोनाले नाही."

तं ताई, मी धनतेरसच्या आत पोचतो. सासूबाईले आताच सांगून ठेव. मले पाहून रडू नको. तू रडली का मी बी रडीन, अन् मंग तुह्या सासूबाईपुढं माह्यानं बोलणं होणार नाही.

तुही मुराळी,
पुष्पा