कानापर्यंत हात

गुरुजी, तुम्हाला जाऊन आता तीसेक वर्षं झाली, आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. ही चीड आजची नाही, पण ती कागदावर उतरवायची वेळ आज आली. भर दुपार आहे, कूलर जीव तोडून फिरतो आहे आणि खोलीत तरीही भट्टी आहे. पलंगावर बर्फात घालायचं जाड जाकीट पसरलेलं आहे, शेजारी लोकरी मोजे, डोक्याला बांधायची बॅटरी, काठ्यांची जोडी. पायात नवे बूट आहेत. घरातल्या घरात बूट घालून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. पण यादीत लिहिलंय की नवे बूट निदान दीड महिना वापरून पायाला सरावाचे करा, नाहीतर डोंगरावर फोड येतील. म्हणून मी भाकरीसुद्धा बूट घालूनच थापते. ऑगस्टमध्ये मला आफ्रिकेत जायचं आहे, किलिमांजारो नावाच्या डोंगरावर. एकोणीस हजार फुटांच्या वर, आठ दिवस, बारा जण, वाट दाखवायला तिथले गाईड. यजमान गेल्यावर मी कुठंच गेले नव्हते. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणतो, आई, त्यापेक्षा चारधाम कर ना. मला चारधाम नाही करायचा. सगळी नोकरी मी आस्थापना शाखेत दुसऱ्यांच्या रजा मंजुरीला मांडल्या, कोण सिंगापूरला, कोण दुबईला. एकदा तरी मला माझ्या पायांनी, कुणी न पाठवता, कुठंतरी उंच जाऊन उभं राहायचं आहे. बस, एवढंच आहे. आणि त्याच्या आड तुम्ही आला आहात.

झालं असं की टूर कंपनीच्या ऑफिसात मी सगळे कागद घेऊन गेले. तिथली मुलगी चांगली आहे, हसून बोलते. तिने माझा पासपोर्ट उघडला, बोटाने तारीख दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, जुलैमध्ये तुमचे साठ पूर्ण होऊन राहिले ना. साठच्या वरच्यांना स्ट्रेस टेस्ट लागते. आमचे डॉक्टर रिपोर्ट पाहतात, मगच नाव फायनल होते." मी म्हटलं, अगं, मी साठची नाही. मी अठ्ठावन्नची आहे. ती म्हणाली, "पण पासपोर्टवर तर साठच दिसून राहिलं." पिवळ्या तापाची लस टोचायला गेले तर तिथल्या डॉक्टरांनीही तारीख पाहून चष्मा वर केला. "साठीला आल्या ना मॅडम, जरा सांभाळून द्यावं लागते." सगळ्या जगाला माझं वय माहीत आहे, गुरुजी, फक्त ते खरं नाही.

कारण ते तुम्ही लिहिलं. पहिली जुलै. माझीच नाही, अख्ख्या वर्गाची पहिली जुलै. आमच्या कचेरीत त्या दिवशी पाच जणांचा वाढदिवस असायचा, शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत, आणि पाचही जण खेड्यातल्या शाळेतून आलेले. एकच केक आणायचा आणि पाच हातांनी कापायचा. मी हसून केक खायची आणि घरी येऊन धुसफुसायची. आई सांगायची, तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला झाली, तुझ्या काकाच्या लग्नाच्या पुढच्या साली. काकाच्या लग्नाचं साल धरून मोजलं, तर तुम्ही मला सव्वा वर्षाने मोठं केलं. सव्वा वर्ष म्हणजे काय थोडं झालं? वर्गात मी सगळ्यांत लहान, रांगेत सगळ्यांत पुढे, खेळात सगळ्यांत मागे. पुढे सव्वा वर्ष आधी निवृत्त झाले, आणि मी घरी बसल्यावर चार महिन्यांनी प्रमोशनची यादी लागली. सेवाज्येष्ठतेत माझ्या मागे असलेल्या बाईंचं नाव तिच्यात होतं. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुम्ही गुरुजी आहात.

आता या वयात सराव करते आहे तर तोही तुमच्याच नावाने करते. सकाळी साडेपाचला सक्करदऱ्याच्या तलावाभोवती फेऱ्या मारते. पाठीवर पिशवी, पिशवीत पाच किलो तांदूळ आणि एक किलो तूरडाळ, कारण डोंगरावर आपली दिवसभराची पिशवी आपणच वाहायची असते. भाजीवाली रोज विचारते, "काहून वं बाई, घर सोडून चालली काय?" मग आमच्या इमारतीचे चार मजले दहा वेळा वर-खाली. लिफ्टमधून उतरणारे लोक माझ्याकडे दयेने पाहतात. कंपनीने एक व्हिडिओ पाठवला आहे, त्यात तिथला गाईड सारखं म्हणतो, पोले पोले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हळूहळू. धापा टाकत चालायचं नाही, बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. मी तो व्हिडिओ पाहिला आणि मला राग आला, कारण हे मला चौथीतच कुणीतरी शिकवलेलं होतं.

चौथीची सहल. कळमेश्वरच्या पलीकडची ती देवीची टेकडी. आपण शाळेतून पायी निघालो आहोत, पोरं पुढे पळताहेत, आणि मी अर्ध्या वाटेत बसून रडते आहे. पाय दुखतात म्हणते. तुम्ही मागे येता, धोतराचा सोगा सावरता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "चौथीत आहेस ना वं? मंग चौथीतल्यासारखी चाल." किती लागलं होतं ते मला. सगळी पोरं हसली. मला ओरडून सांगायचं होतं की मी चौथीतल्या वयाची नाहीच, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यानंतर तुम्ही पुढे गेला नाहीत. माझ्या शेजारून चालत राहिलात, माझ्याहूनही हळू. म्हणालात, "हळू चाल. टेकडी कुठी पळून नाही राहिली." खिशातून फुटाणे आणि गुळाचा खडा काढून हातावर ठेवलात. आपण सगळ्यांच्या शेवटी वर पोचलो, पण पोचलो. पोरांचे डबे संपले होते. माझ्या आफ्रिकेच्या पिशवीत आज बाकी सगळं सामान दुकानातलं आहे, पण फुटाणे आणि गूळ मी घरून भरला आहे. यावरून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका.

ऑफिसातल्या मुलीनेच उपाय सुचवला. पासपोर्ट काही बदलणार नाही, पण साठच्या वरच्यांची टेस्ट हा त्यांच्या कंपनीचा नियम आहे. सगळ्या वर्गाची एकच तारीख दिसेल असा शाळेचा उतारा आणि एक अफिडेविट दिलं तर ती साहेबांना विचारून पाहील. मला केवढा आनंद झाला. खरं सांगायचं तर मला त्या टेस्टची भीती वाटते, मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात म्हणे. बाबा साठीतच गेले. शेताच्या धुऱ्यावरून चालता चालता खाली बसले आणि उठले नाहीत. त्या मशीनवर माझं काय निघेल कोण जाणे, आणि काही निघालं की माझं नाव कटलं. म्हणून मी बसने गावी गेले. आपली शाळा आता सिमेंटची झाली आहे. तिथल्या बाईंनी दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं, पानं वाळक्या पानासारखी कुरकुरीत. तुमचं तिरकं अक्षर लगेच ओळखलं. खाली सरळ ओळीत सगळ्यांची पहिली जुलै. ताईचं नाव, त्याच्या खाली माझं. ताई माझ्याहून सव्वादोन वर्षांनी मोठी, पण तिथे तिची तारीख माझ्या बरोबर एक वर्ष आधीची आहे, म्हणजे तिला तुम्ही बरोबर लिहिलं आणि मलाच तेवढं मोठं केलं.

परतल्यावर मी एक वेडेपणा केला. खालच्या मजल्यावर पावणेपाच वर्षांची मुलगी आहे. तिला म्हटलं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून दाखव. तुम्ही तसंच करायला लावायचात, जन्मदाखले कुणाकडे होते तेव्हा? हात कानाला लागला की पोर सहा वर्षांचं. तिने खूप ताणून पाहिलं. दोन बोटं कमी पडली. मी तिथल्या तिथे मनात ठरवूनच टाकलं, पाहा, पुरावा! माझा हात पोचणं शक्यच नव्हतं. तुम्ही नीट पाहिलं नाही, किंवा पाहून खोटं लिहिलं.

तेच मी टायपिस्टला सांगितलं. कोर्टाबाहेर झाडाखाली बसतो तो. त्याने साध्या कागदावर मसुदा काढून दिला. तिसऱ्या कलमात लिहिलं आहे, "तत्कालीन शिक्षकांनी चुकीने अर्जदाराचे वय जास्त नोंदविले." म्हणाला, "वाचून घ्या मॅडम, मंग स्टॅम्पवर काढतो. ते गुरुजी आता नाहीत ना? मंग काही टेन्शन नाही." मी कागद घेऊन घरी आले. दोन दिवस झाले, तो टेबलावर पडून आहे. हे पत्र त्याच्याच पाठीवर सुरू केलं, आता दुसरे कागद जोडते आहे.

कारण गुरुजी, तो दिवस मला आठवतो. सगळ्यांना वाटतं इतक्या लहानपणीचं काही आठवत नाही, पण मला आठवतो. ताईला शाळेत घालायला बाबा आलेले आणि मी त्यांचा सदरा धरून उभी. घरी पाळण्यात भाऊ होता. ताई शाळेत गेली की पाळण्याची दोरी माझ्या हातात येणार होती, हे मला पक्कं कळलेलं. आमच्या शेजारच्या मैत्रिणीचं तसंच झालं. पुढच्या साली, पुढच्या साली करता करता ती कधी शाळेत गेलीच नाही. तुम्ही ताईचा हात पाहिला, तो कानावर नीट बसला. मग मीच पुढे होऊन माझा हात डोक्यावरून घेतला. बाबा म्हणाले, "लहान हाय गुरुजी ते. पुढच्या साली पाहू." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. माझी मान उजव्या खांद्यावर कलंडलेली होती आणि बोटं कानाला लागलेली होती. तुम्ही माझ्या हनुवटीला एक बोट लावून मान सरळ केलीत. हात सुटून वर सरकला. मी तुमच्याकडे पाहत राहिले, रडले नाही. पुन्हा मान वाकवली आणि कान धरला. तुम्ही बाबांकडे वळून म्हणालात, "पोचला गा. सहा वर्साची झाली पोरगी. उद्यापासून पाठव." दुसऱ्या दिवसापासून आईने भावाची झोळी शेतातल्या निंबाला बांधली.

मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, ताईलाही नाही. तुमची चूक म्हणणं सोपं होतं, तुम्ही उलटून बोलणार नव्हतात. आज सकाळी ऑफिसात फोन करून मी टेस्टची वेळ घेतली. उद्या आठ वाजता, सोबत बूट. तिथल्या माणसाने बजावलं आहे की पट्टा चढू लागला की पुढची दांडी धरायची नाही, हात मोकळे ठेवायचे, नाहीतर निकाल खोटा येतो. मी नाही धरणार. मान सरळ ठेवीन आणि जे निघेल ते निघेल, मग ऑगस्टमध्ये मी डोंगरावर असेन नाहीतर याच कूलरसमोर.

हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, मला लाज वाटली असती. तिसरं कलम मी खोडलं आहे. माझा हात पोचला नव्हता, गुरुजी. आणि पुन्हा तेवढी झाले तर पुन्हा मान वाकवीन.