घरचं वाक्य

बाई, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या. मी आता नाशकात घरी बसून चिनी लोकांची इंग्रजी वाक्यं तपासते, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली एक पिवळा हसरा चेहरा चिकटवल्याशिवाय कंपनीचं ॲप पुढचं वाक्य दाखवतच नाही. समोरच्यानं क्रियापदाचा मुडदा पाडलेला असो, मी आपली हसतेय. पन्नाशीच्या बाईला दिवसभर सक्तीनं हसवणं हा छळ आहे, आणि कायद्यात त्याला अजून कलम नाही. तुम्ही असतात तर अख्ख्या कंपनीला वर्गाबाहेर उभं केलं असतंत.

या आठवड्याचा शब्द 'ग्रॅज्युअली'. समजावताना मी लिहिलं, 'स्लोली' ही चाल झाली, बैल स्लोली चालतो. 'ग्रॅज्युअली' बदल होतो, आणि तोही इतक्या बेतानं की रोज बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. केस ग्रॅज्युअली पांढरे होतात. काच ग्रॅज्युअली फुटत नाही. चिनी लोकांना हे पटकन कळतं. आपल्या 'हळूहळू'सारखं तेही एकच शब्द दोनदा म्हणतात, 'ज्यानज्यान'. इंग्रजांचं एकदा म्हणून भागतं, त्यांना सगळीकडे पोचायची घाई. मग मी तुमचाच नियम लावला. वाक्य स्वतःच्या घरातलं हवं.

निफाडच्या शाळेत या नियमानं केवढा हाहाकार माजवला होता! पुस्तकातलं वाक्य आणलं की तुम्ही म्हणायच्यात, "हे उष्टं आहे. घरचं आण." त्यामुळे कुणाचा बाप द्राक्षबागेत पत्ते कुटतो, कुणाच्या आजीनं सुनेपासून गूळ लपवला, सगळं इंग्रजीच्या तासाला जाहीर व्हायचं. गावातल्या आया धास्तावलेल्या. माझी आई सकाळीच विचारायची, "आज इंग्रजी हाय का? मंग भांडण उद्या करू."

त्याच शब्दावर मी उभी राहून हसत हसत वाचलं होतं: 'माझी आई ग्रॅज्युअली तिची भांडी वाटून टाकते आहे.' वर्ग खो खो हसला. मागून एकजण ओरडला, "आमच्या आईलाबी एक घागर सांगा!" तुम्ही हसला नाहीत. "कुणाकुणाला दिली?" विचारलंत. मी सांगितलं, हंडा मावशीला, परात शेजारी, आणि लग्नातली पैठणी काकूला. "आणि आई कशी आहे?" "लय शांत झालीय बाई. आता रागवतबी नाय." तुम्ही खडू खाली ठेवलात आणि तास अर्धा टाकून आमच्या घराकडे निघालात. मी मागे पळत. मला दाराबाहेर थांबवून तुम्ही आत गेलात. फटीतून दिसतं ते एवढंच: तुम्ही चुलीपाशी खाली बसताय, आईपुढची मेथीची जुडी अर्धी आपल्याकडे ओढून घेताय, निवडायला लागताय. बऱ्याच वेळानं तुमचे ओठ हलतात. मग आई रडते. दूध उतू जातं, कुणी उठत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणालात, "वाक्य बरोबर होतं. वाचताना हसलीस, ते चूक. आता याच शब्दाचं दुसरं आण." ते सापडेपर्यंत दिवाळी उजाडली. तोवर आई रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन बसायला लागली होती. माझं दुसरं वाक्य होतं: 'माझी आई ग्रॅज्युअली भांडी परत मागते आहे.' मावशीनं हंडा गुपचूप दिला. शेजारीण मात्र म्हणाली, "दिलेलं कोन परत मागतं का गं बया?" आई म्हणाली, "मी मागून ऱ्हायले ना? आन परात." त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली, आणि मनसोक्त भांडली.

आज सकाळी एका चिनी मुलीचं वाक्य आलं. वडिलांसोबत राहते. 'माझे वडील ग्रॅज्युअली फार नम्र होत आहेत. त्यांनी आपले गाणारे पक्षी शेजाऱ्यांना दिले आणि पिंजरे धुऊन ठेवले.' व्याकरणाची एकही चूक नाही. हसरा चेहरा चिकटवला नाही. कंपनीतल्या पोराला फोन लावला.

"मॅडम, सेंटेन्स करेक्ट आहे ना? मग ग्रीन टिक मारा ना."

"अरे, ती काय सांगतेय ते वाचलंस का?"

"आपण मीनिंग नाय बघत मॅडम, ग्रामर बघतो. पर्सनल काही विचारलंत तर आयडी ब्लॉक होईल हां."

"होऊ दे. त्या आयडीची काय मी आरती करू?"

फोन ठेवला आणि तिला लिहिलं: वाक्य बरोबर आहे. आज वडिलांना एकटं सोडू नका, जवळच्या कुणाला तरी बोलावून घ्या, आणि तुम्ही त्यांच्यापाशी बसा. लगेच तिचा प्रश्न आला, "बसून काय बोलू?"

बाई, इथे माझं इंग्रजी संपलं. त्या दुपारी तुम्ही आत काय बोललात ते मला ठाऊकच नाही. आईला विचारायला तिचं उरलेलं आयुष्य पडलं होतं. विचारलं नाही, कारण ती खरं सांगेल याची भीती वाटायची. शेवटी फटीतून जेवढं पाहिलं होतं, तेवढं त्या मुलीच्या हवाली केलं. लिहिलं: त्यांच्या हातातलं काम अर्धं आपल्याकडे ओढून घ्या. लगेच बोलायलाच हवं असं नाही. ते रडले तर उठू नका.

याला आता बरेच तास झाले. तिकडे अंधार पडला असेल. तुम्हाला हे लिहीत बसलेय, त्याचं खरं कारण एवढंच की ते ॲप मी पुन्हा उघडलेलं नाही.