बिनपदकांचा कोट

३ मार्च, मंगळवार
हे सकाळी सातला मैदानावर गेले. सैनिकांचा दवाखाना सरकार बंद करतंय, म्हणून माजी सैनिक तिथे धरणं धरून बसणार आहेत. निघताना पदकं सापडेनात. कपाट उपसलं, गादी उलटवली. मलाही विचारलं. यांचे तोफखान्यातले मित्र, भाऊजी, दारात ताटकळलेले — "अहो, चला! नवरदेवालासुद्धा एवढा वेळ लागत नाही!" हे हसले. म्हणाले, "पदकं नाहीत तर नाहीत. छाती तीच आहे ना!" कोटावर पिनांची भोकं तेवढी दिसत होती.

५ मार्च
मंत्री टीव्हीवर बोलले. खरा सैनिक अशा वेळी पदकं लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. मैदानावर भाड्याची माणसं बसवली आहेत, म्हणे. आणि पडद्यावर हेच! मोकळा कोट, भोवती लाल गोल.

६ मार्च
कोपऱ्यावरचे शिंपी — तो कोट त्यांनीच शिवलाय — "वहिनी, खरं सांगा, साहेब लढाईवर होते की कोठारात?" दुकानातले सगळे हसले. मी ब्लाउज घेतला आणि निघाले.
बोलायला हवं होतं.

७ मार्च
मैदानावर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले. हे ओलेचिंब घरी आले, दात वाजत होते. जिन्यात कुणीतरी म्हणालं, "चला, फुकटात आंघोळ झाली." यांनी ऐकलं. कोट वाळत घातला.

८ मार्च
ताप. खोकला.

१२ मार्च
दुपारी पावणेतीनला हे गेले. न्यूमोनिया.

१४ मार्च
भाऊजींनी मला विचारून यांचा एक्स-रे पेपरवाल्यांना दिला. आज पहिल्या पानावर आहे — डाव्या खांद्यात तोफगोळ्याचा तुकडा. चौतीस वर्षं तो घेऊन वावरले.
सकाळपासून घरात माणूस मावत नाही. शिंपी उंबऱ्यातच रडायला लागले. "वहिनी, माझी जीभच हलकी." मंत्री म्हणतात, गैरसमज झाला. दवाखाना तूर्त चालू राहणार.
शेजारच्या मावशी माझा हात धरून बसल्या होत्या. "पदकं चोरली कुणी गं? हात झडोत मेल्याचे!"
मी मान हलवली.

१६ मार्च
सगळे गेल्यावर शिलाई मशीनच्या खणातून, रिळांखालून पदकं काढली. मीच ठेवली होती. मला वाटलं होतं, पदकांशिवाय हे घराबाहेर पडणार नाहीत.
पुसली. जुन्याच भोकांतून एकेक लावली. कोट खुंटीला अडकवला.